दोनदा पापणी

ताई गेली. चौथ्या मजल्यावर, खिडकीपासून सगळ्यात लांबच्या पलंगावर, मशीन चालू असताना गेली.

आता हे विसरा. मी हे लिहिलं नाही, तुम्ही हे वाचलं नाही. ताई आहे. चौथ्या मजल्यावर आहे, मशीन तिच्या छातीत हवा भरतंय आणि काढतंय, आणि ती छताकडे बघत मनातल्या मनात मला शिव्या घालतेय. असं धरून चालायचं. हा माझा वेडेपणा नाही, आमच्या समितीचा नियम आहे. शेवट कळला की माणसाचा विचार नासतो, म्हणून प्रकरण ऐकताना शेवट झालाच नाही असं समजून बसायचं. नासलेल्या दुधाचं निदान काहीतरी करता येतं. नासलेल्या विचाराचं, आमचे प्राध्यापक म्हणतात, फक्त मत होतं.

तर आधी समिती.

आमच्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलात एक नैतिक समिती आहे. काय करता येईल हे डॉक्टरांना कळतं पण करावं की नाही हे कळत नाही, तेव्हा ही समिती बसते. मशीन लावायचं का, लावलेलं काढायचं का, पेशंटला खरं सांगायचं का, पेशंट नको म्हणत असेल तर ऐकायचं का. समितीत एक निवृत्त सर्जन आहेत, ते अध्यक्ष. नीतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत, एक वकीलबाई आहेत, हॉस्पिटलच्या मेट्रन आहेत. आणि नियमाप्रमाणे एक 'सामान्य माणूस' आहे, म्हणजे ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असा. तो मी.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर माझं किल्ल्या करून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे किल्ल्या कापायचं एक यंत्र, एक पाटी आणि पाटीमागे मी. मागे एकदा समितीच्या खोलीचं कुलूप बिघडलं आणि चौघंही आत अडकले. मला बोलावणं आलं. मी कुलूप काढून दार उघडलं, तर आतून वकीलबाई ओरडल्या, "यांना विचारा! हे बाहेरचे आहेत!" कुणाच्या तरी मूत्रपिंडावरून वाद चालला होता. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं." चौघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू हरवलेली म्हैस घरी परत आली. कुलूप मी दुसऱ्या दिवशी बसवलं. सदस्य मात्र त्याच दिवशी झालो.

समितीची काम करायची पद्धत प्राध्यापकांनी घालून दिलेली. तत्त्वं चार. पहिलं स्वायत्तता, म्हणजे शरीर पेशंटचं तर मर्जीही पेशंटची. दुसरं हित, म्हणजे त्याचं भलं करा. तिसरं अहित टाळणं, म्हणजे भलं जमत नसेल तर निदान वाटोळं करू नका. चौथं न्याय, म्हणजे कुणी तुपाशी आणि कुणी उपाशी असं नको. चार तत्त्वांच्या चार खुर्च्या. ज्या खुर्चीवर बसाल त्या तत्त्वाची बाजू घ्यायची, आणि दर बैठकीला एक खुर्ची पुढे सरकायचं, म्हणजे कुणी एकाच तत्त्वाच्या प्रेमात पडत नाही. संगीत खुर्चीच, फक्त संगीत नाही आणि बाद कुणी होत नाही. बाद होतो तो पेशंट.

त्यामुळे वकीलबाई एका बैठकीत "पेशंटची इच्छा म्हणजे इच्छा!" म्हणून टेबल बडवायच्या आणि पुढच्या बैठकीत तितक्याच जोरात, "इच्छा इच्छा काय करताय, त्याला शुद्ध तरी आहे का!" म्हणायच्या. त्यात ढोंग नव्हतं. खुर्ची बदलली होती.

माझी जागा पाचवी. ते स्टूल होतं. त्याला तत्त्व नव्हतं आणि पाठही नव्हती. चर्चा संपली की मी एकच वाक्य बोलायचं, "सामान्य माणसाला हे पटतं," किंवा "पटत नाही." ते वाक्य झाल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही. मला समिती आवडायची. माझ्या दुकानात येतात ते किल्ली हरवलेले लोक. समितीत सगळ्यांकडे किल्ल्यांचे जुडगेच्या जुडगे होते, फक्त कुलूप कुणालाच दिसत नव्हतं.

आता ताई.

ताई माझ्याहून मोठी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारी. आमच्या इथल्या अर्ध्या लोकांना गाडी चालवायला तिनं शिकवलं आणि उरलेले अर्धे त्यामुळे जपून रस्ता ओलांडतात. तिला एक आजार झाला. त्यात स्नायू एकेक करून रजेवर जातात आणि कुणीच कामावर परतत नाही. आधी पाय गेले. मग हात. मग जीभ जड झाली. डोकं मात्र शेवटपर्यंत लखलखीत राहतं. हा आजार घडवणाऱ्याची विनोदबुद्धी आमच्या घराण्यातली असावी.

जीभ चालत होती तेव्हाच तिनं मला आणि आईला समोर बसवून सांगितलं होतं. "हे बघा. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या पायाशी. म्हणून मी कुणाच्याही शेजारी बसू शकते. हॉस्पिटलच्या गाडीत माझ्याकडचा ब्रेक काढून घेतात. श्वास बंद व्हायला लागला की मला त्या गाडीत घालायचं नाही. घरी, माझ्या पलंगावर."

आई म्हणाली, "असलं अभद्र बोलू नये गं."

"अभद्र काय त्यात? मला आत्याकडे बघत मरायचंय."

ही आत्या म्हणजे ताईच्या पलंगावरच्या छताला आलेला ओलीचा डाग. नाक, हनुवटी आणि कपाळावरची आठी यांसकट तो डाग हुबेहूब आमच्या आत्यासारखा दिसतो. खरी आत्या दूर राहते आणि सुदैवाने येत नाही. ताईचं म्हणणं असं, की मरताना आत्याचं तोंड समोर असलं म्हणजे जग सोडताना फार जड जाणार नाही. लिहून ठेव, मी म्हटलं. तिनं स्वतःच्या निकामी हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिहिते हं," ती म्हणाली. "पेन पायात दे."

आमच्या घरात बोलायची हीच रीत. बाबा असताना त्यांना कुणी विचारलं, "जेवताय का?" तर ते घास चावत सांगायचे, "छे, दात घासतोय." मला कुणी ताईचा भाऊ म्हटलं की ताई म्हणायची, "नाही हो, हा आम्हाला कचराकुंडीत सापडला. दोनदा परत ठेवून आलो, पण कुंडीनं घेतला नाही." सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं की आमची आई कपाळाला हात लावून ताप बघते.

मग एका सकाळी ताईला खोकला आला आणि थांबेना. ती निळी पडायला लागली. मी दुकानात. आईनं ताईचं सगळं म्हणणं ऐकलेलं होतं, समजलेलं होतं, आणि समोर पोटची पोर निळी पडत होती. तिनं अँब्युलन्स बोलावली. यात आईचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. चौथ्या मजल्यावर तिला व्हेंटिलेटर लावला. मी पोचलो तेव्हा मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं आणि ताई माझ्याकडे अशी बघत होती, जसं शिकाऊ पोरानं गाडी नाल्यात घातल्यावर ती बघायची.

आता तिच्याकडे फक्त पापण्या उरल्या होत्या. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

मी वाकून विचारलं, "ताई, काढायचं हे?"

एकदा.

"घरी जायचं?"

एकदा.

"आत्याकडे?"

एकदा, आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. हसली.

हॉस्पिटलच्या दृष्टीनं मात्र हे काहीच झालं नव्हतं, कारण विचारणारा मी होतो. पेशंट स्वतःच्या जिवाबद्दल ठरवायला सक्षम आहे की नाही हे मेंदूच्या डॉक्टरांनी बघायचं. आधी तीन साधे प्रश्न. तिन्हींना सरळ उत्तरं आली, तरच चौथा खरा प्रश्न मोजायचा. पद्धत मला पाठ होती, समितीतच ऐकलेली. म्हणून डॉक्टर यायच्या आधी मी ताईच्या कानाशी जाऊन सांगितलं, "हे बघ, आज थट्टा नको. फक्त सरळ उत्तरं दे. तीनच आहेत."

ताईला "थट्टा नको" म्हणणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता सांगणं. हे मला कळायला हवं होतं असं आई म्हणते. पण मग काय सांगायचं होतं? भरपूर थट्टा कर?

डॉक्टर आले. तरुण, नीटनेटके, कानाच्या पाळ्यासुद्धा इस्त्री केल्यासारख्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आपण आत्ता हॉस्पिटलमध्ये आहोत का?"

एकदा.

"बाहेर दिवस आहे का?"

एकदा.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा तुमचा भाऊ आहे का?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. नजर हलकेच माझ्या डोक्यापासून पायापर्यंत गेली आणि परत वर आली. मग तिनं पापणी मिटली. उघडली. आणि पुन्हा मिटली.

मी खो खो हसलो. मला आवरेना. नाकात नळ्या, गळ्यात नळी, बोटावर चिमटा, आणि त्या सगळ्याच्या आतून ती मला कचराकुंडीत परत ठेवत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की ताई आत आहे, अख्खी आहे, एक कणही कमी झालेली नाही.

डॉक्टरांनी लिहिलं: जवळच्या नातेवाईकाची ओळख नाही.

चौथा प्रश्न त्यांनी तरीही विचारला, माणूस सभ्य होता. "हे मशीन काढावं अशी तुमची इच्छा आहे का?" ताईनं पापणी एकदा मिटली आणि मिटलेलीच ठेवली, कितीतरी वेळ, जणू शिक्का मारतेय. ते मोजलं गेलं नाही.

"डॉक्टर, ती थट्टा होती," मी म्हटलं.

"असू शकेल," ते म्हणाले. "पण 'असू शकेल' एवढ्यावर मी कुणाचा श्वास बंद करू शकत नाही."

"मग परत विचारा ना!"

"समितीचं मत आल्याशिवाय परत विचारता येत नाही. तुम्ही सदस्य आहात ना? तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. प्राध्यापकांचंच म्हणणं, की हवं ते उत्तर मिळेपर्यंत पेशंटला विचारत राहणं ही स्वायत्तता नव्हे, उलटतपासणी आहे. आणि ते वाक्य मला त्या वेळी फार पटलेलं होतं.

समिती बसली. मी पहिल्यांदाच स्टुलावर नव्हतो, समोर नातेवाइकांच्या बाकावर होतो. तिथून खुर्च्या वेगळ्याच दिसतात, पाय जास्त आणि माणसं कमी.

स्वायत्ततेच्या खुर्चीवर त्या दिवशी मेट्रन होत्या. "पेशंटची इच्छा स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः बघितलंय. तिच्या डोळ्यात सगळं आहे."

"डोळ्यात सगळं असतं, मेट्रन, अगदी मोतीबिंदूसुद्धा," अहिताच्या खुर्चीवरून वकीलबाई म्हणाल्या. "ती सक्षम नसेल आणि आपण मशीन काढलं तर? ती चूक परत फिरवता येणार आहे?"

"आणि काढलं नाही तर होणारी चूक परत फिरवता येणार आहे?"

"ती चूक आपण केली असं होत नाही. मशीन आधीच लागलेलं आहे."

इथे प्राध्यापकांनी चष्मा सारखा केला. ते हिताच्या खुर्चीवर होते. "मशीन मुळातच न लावणं आणि लावलेलं काढणं, यांत नैतिक फरक नाही असं बहुतेक विचारवंत मानतात. फक्त काढणारा हात दिसतो, न लावणारा हात दिसत नाही. पण आजचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ते दोनदा पापणी मिटणं हा विनोद होता काय? विनोद असेल, तर तो सक्षमतेचा उत्तम पुरावा आहे. विसंगती कळल्याशिवाय विनोद करता येत नाही. नसेल, तर तो गोंधळाचा पुरावा आहे." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तो विनोद समितीला समजावून सांगाल का?"

मी उभा राहिलो. सांगितलं. बाबांचं दात घासणं सांगितलं, कचराकुंडी सांगितली, कुंडीनं घेतला नाही हेही सांगितलं. ताईची नजर डोक्यापासून पायापर्यंत कशी गेली ते करून दाखवलं. कुणीही हसलं नाही.

"पुन्हा एकदा सांगता?" न्यायाच्या खुर्चीवरून अध्यक्ष म्हणाले. "कचराकुंडी नेमकी कुठली?"

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो मलाही विनोद वाटेना. तिसऱ्यांदा तर माझीच खात्री पटायला लागली की मी कचराकुंडीत सापडलो असणार आणि ताईनं डॉक्टरांना खरं तेच सांगितलं.

"साक्ष देणारे गृहस्थ हितसंबंधी आहेत," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो असतो तर मीही हेच म्हटलं असतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

तरीही त्या दिवशी मेट्रन आणि प्राध्यापक मिळून अध्यक्षांना वळवत होते. काटा आमच्या बाजूला झुकत होता. अध्यक्ष म्हणाले, "मग तूर्तास आपण रुग्णाच्या बाजूनं..." 'तूर्तास' हा त्यांचा लाडका शब्द, सर्जन असताना पोट शिवतानाही ते म्हणायचे म्हणे. आणि सवयीप्रमाणे सगळ्यांनी स्टुलाकडे बघितलं.

स्टूल रिकामं होतं.

सामान्य माणूस नसेल तर समितीला निर्णय देता येत नाही. सामान्य माणूस मी होतो, आणि ताईचा भाऊ झाल्यामुळे मी सामान्य उरलो नव्हतो.

"दुसरा नेमावा लागेल," अध्यक्ष म्हणाले. "तूर्तास तहकूब."

माझ्या दुकानाशेजारी एक घड्याळजी बसतो. जगात कशाबद्दलही मत नसलेला तेवढा एकच माणूस मला माहीत होता. मी त्याला हात जोडले. तो म्हणाला, "येतो की. पण बोलावं लागेल का?" मी म्हटलं, एकच वाक्य. तो तयार झाला. पण नव्या सदस्याला आधी प्राध्यापकांच्या परिचय वर्गाला बसावं लागतं, तत्त्वं काय, पद्धती काय, तत्त्वांवरून प्रकरणाकडे कसं यायचं आणि जुन्या प्रकरणांवरून तत्त्वांकडे कसं जायचं. माझ्या वेळी हा वर्ग नव्हता. घड्याळजी रोज दुपारी दुकान बंद करून जायला लागला. मला वाटलं कंटाळेल. तर एके दिवशी माझ्या पाटीवर टेकून म्हणतो, "काय रे, तुझ्या ताईच्या बाबतीत प्रश्न स्वायत्ततेचा आहे असं सगळे समजतात. मला वाटतं तो मुळात सक्षमतेच्या उंबरठ्याचा आहे."

"कुणापुढे बोलू नकोस हे," मी म्हटलं. "पाया पडतो तुझ्या."

तो पुढच्या बैठकीत बोलला. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "माफ करा, पण हे गृहस्थ आता सामान्य राहिलेले नाहीत." मत घेतलं. चारही तत्त्वांचं यावर एकमत झालं, समितीच्या इतिहासात पहिल्यांदा. घड्याळजीचा कायमचा अपमान झाला, आणि तूर्तास तहकूब.

घरी आई जेवण पुढ्यात घेऊन बसायची आणि जेवायची नाही. "तुझ्या त्या समितीत चार खुर्च्या आहेत म्हणतोस ना रे?" तिनं विचारलं.

"हो."

"त्यातल्या एकीवर तरी माणूस बसतो का?"

मी उलटं उत्तर शोधत राहिलो. सापडलं नाही. आईनं उठून माझ्या कपाळाला हात लावला.

ताईकडे मी रोज जायचो. सांगायचो, आज काय झालं, कोण कुठल्या खुर्चीवर होतं, घड्याळजी कसा तत्त्वज्ञ झाला. सुरुवातीला तिचे डोळे हसायचे. मग नुसते ऐकायचे. मशीनची नळी ओढली जायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं, ते मी पुसायचो, आणि ते रडणं आहे की नुसतं पाणी हे विचारायची माझी हिंमत व्हायची नाही. तिच्या वरचं छत पांढरंफटक होतं, एकही डाग नाही. मी एकदा म्हटलं, "पेन आणून इथे आत्या काढू का?" तिनं काहीच केलं नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही.

एका दुपारी मी खुर्ची ओढून जवळ बसलो. सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मला तिला हसवायचं होतं, बाकी काही नाही. मी डॉक्टरांसारखा आवाज काढला, कानाच्या पाळ्या ताणून धरल्या आणि विचारलं, "बाई, हा तुमचा भाऊ आहे का?"

मी दुसऱ्या वेळेची वाट बघत होतो. पहिली मिटली की दुसरी येणारच, हे मला माझ्या नावासारखं माहीत होतं.

ताईनं पापणी एकदा मिटली. मग डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

सरळ उत्तर. स्वच्छ, सक्षम, नियमाप्रमाणे. त्या दिवशी डॉक्टर असते तर पास झाली असती. मला तिच्या कपाळाला हात लावावासा वाटला. लावला. ताप नव्हता.

त्यानंतर एक गोष्ट झाली. ती झालेली नाही.

पुढच्या बैठकीची सूचना मलाही आली, सदस्य म्हणून. मी मेट्रनना फोन केला. त्यांनी आधी आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "अध्यक्षांचं म्हणणं आहे की प्रकरण हातात घेतलंय तर मत द्यायला हवं, पुढच्यांना उपयोगी पडेल. आणि आता तुमचे हितसंबंध... म्हणजे... तूर्तास उरलेले नाहीत. तुम्ही बसू शकता." आणि एकदम हुंदका. "येऊ नका हो तुम्ही. मी सांगते त्यांना."

मी गेलो. मी नसतो तर निर्णय झाला नसता, आणि ताईचा निर्णय व्हायलाच हवा होता, निदान कुठेतरी.

"नेहमीप्रमाणे," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांचा आवाज फार मऊ होता, "आपण शेवट बाजूला ठेवू. रुग्ण चौथ्या मजल्यावर आहे. शुद्धीवर आहे. तिची मागणी आपल्यासमोर आहे." आणि खरंच, ते असं बोलले की मला वर चौथ्या मजल्यावर मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

त्या दिवशी सगळे फार चांगलं बोलले. इतकी सुंदर चर्चा मी त्या खोलीत ऐकली नव्हती. खुर्च्या सरकल्या होत्या आणि स्वायत्तता वकीलबाईंकडे आली होती. त्या म्हणाल्या, "जी बाई मरणाच्या दारात भावाची टिंगल करते, ती सक्षम नाही तर मग आपण पाचजण तरी आहोत का?" मेट्रन खाली बघून म्हणाल्या की अशा पेशंटला मशीनवर ठेवणं हेच अहित आहे. प्राध्यापकांनी जुनी प्रकरणं काढली, मिळतीजुळती, आणि ती सगळी ताईच्या बाजूनं निघाली. आणि मग, हिताच्या खुर्चीवरून, अध्यक्ष अचानक हसायला लागले. खांदे गदागदा हलत होते. "कुंडीनं घेतला नाही!" ते डोळे पुसत म्हणाले. "आत्ता कळलं मला! कुंडीनं परत घेतला नाही!"

मेट्रननी त्यांचा हात दाबला.

निर्णय झाला. पेशंट सक्षम आहे. तिचं दोनदा पापणी मिटणं हा विनोद होता आणि तिचं एकदा मिटणं ही संमती होती. मशीन काढावं, त्रास होऊ नये म्हणून औषध द्यावं, आणि तिला तिच्या घरी, तिच्या पलंगावर न्यावं. चारही खुर्च्या एकमतानं.

सगळ्यांनी स्टुलाकडे बघितलं. यावेळी त्यावर माणूस होता.

"सामान्य माणसाला हे पटतं," मी म्हटलं. आवाज बरा आला.

अध्यक्षांनी फाईल बंद केली. वकीलबाई पर्स शोधायला लागल्या. कुणीच उठत नव्हतं, म्हणून मीच विचारलं, "मग न्यायची का आता घरी?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान आणि थकलेले दिसतात.

"कुणाला?" ते म्हणाले.

आता मी ताईच्या पलंगावर झोपतो. आईला छताला रंग द्यायचा होता, मी देऊ दिला नाही. ओल वाढलीय. आत्याला दुहेरी हनुवटी आलीय आणि ती माझ्याकडे बघून तोंड वाकडं करते. पलंगावर पडून मी पुढचा अर्ज लिहिला. समितीच्या खोलीचं कुलूप मीच बसवलेलं असल्यामुळे किल्ली माझ्याकडेही आहे. पण दाराखालून सरकवायला किल्ली लागत नाही.

प्रति,
मा. अध्यक्ष, नैतिक समिती.

विषय: समितीचा निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने लागू करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, चौथ्या मजल्यावरील महिला रुग्णाच्या प्रकरणी आपल्या समितीने एकमताने दिलेला निर्णय निम्नस्वाक्षरीकारास, सामान्य माणूस या नात्याने, पूर्णपणे मान्य आहे. शेवट झालाच नाही असे समजूनच सदर निर्णय दिलेला असल्याने, तो शेवट होण्यापूर्वी अंमलात आणण्यास समितीची काही हरकत नसावी.

सबब विनंती की, सदर निर्णय ज्या दिवशी डॉक्टरांनी तिसरा प्रश्न विचारला त्या दिवसापासून लागू समजण्यात यावा. रुग्णाच्या गळ्यातील नळी त्याच दिवशी काढण्यात यावी. रुग्णास तिच्या घरी, आत्याच्या डागाखालील पलंगावर, आई व भाऊ यांच्या समक्ष पोचवण्यात यावे. आणि त्यानंतर एका दुपारी, सिस्टर जेवायला गेलेल्या असताना, रुग्णाने दिलेले सरळ उत्तर अभिलेखातून काढून टाकून, त्या जागी दुसऱ्यांदा पापणी मिटण्याची रुग्णास संधी देण्यात यावी, ही विनंती.